चाळीतल्या स्वयंपाकघराची लाकडी जमीन घरच्या घरी नीट करताना

गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवी, भुलेश्वर या भागांतल्या जुन्या लाकडी सांगाड्याच्या चाळींत वरच्या मजल्यांवरच्या अनेक खोल्यांची जमीन फळ्यांची असते. तुळयांवर कड्या, म्हणजे आडवे लाकडी वासे, कड्यांवर सागाच्या फळ्या, आणि त्याच फळ्यांची खालची बाजू म्हणजे खालच्या बिऱ्हाडाचं छत. स्वयंपाकाच्या खोलीत या फळ्यांवर कधी मेणकापड, कधी लिनोलियम, कधी पीव्हीसी शीट अंथरलेली असते. एकावर एक दोन-तीन थरही निघतात. शीट फाटली की तिच्यावर नवी शीट टाकणं सगळ्यांत सोपं, आणि जमिनीचं सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होतं. सागाची फळी पायांनी झिजायला पिढ्या लागतात, पण शीटखाली अडकलेलं मोरीचं पाणी तिला काही वर्षांत कुजवतं. म्हणून खाली दिलेल्या कामात पॉलिशपेक्षा पाण्याचा बंदोबस्त आधी येतो, आणि सर्वांत जास्त वेळही त्यालाच द्यायचा आहे.

हिशोबासाठी १० बाय १० फुटांची, म्हणजे १०० चौरस फुटांची खोली धरली आहे. दोन माणसांना हाताचं काम पाच-सहा दिवसांचं आहे, पण मधल्या वाळवणीसकट तीन ते चार आठवडे मोजा. काम डिसेंबर ते मार्च या काळात करावं. मुंबईत तेव्हा हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, फळ्या आक्रसलेल्या असतात आणि फटींची खरी रुंदी दिसते. मेअखेरीस सुरू केलेलं काम पावसात सापडतं, तेल वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते.

फळ्यांवर चुन्याचा कोबा घालून वर लाद्या बसवलेल्या असतील तर हे काम तुमच्यासाठी नाही. तो कोबा फोडला तर हादऱ्यांनी खालच्या घराचं नुकसान होतं.

कड्या शाबूत आहेत का

फळी घरी बदलता येते, कडी नाही. कडी म्हणजे इमारतीचा भार, म्हणून पहिली तपासणी खालच्या घरात जाऊन, वर बघत करायची. खालच्या काकूंना आधी सांगून, त्यांच्या सोयीने जा. उंच स्टूल, बॅटरी आणि लांब टोच्या किंवा जुना स्क्रूड्रायव्हर एवढंच सामान लागतं. प्रत्येक कडीला तीन ठिकाणी टोचा: भिंतीत शिरते तिथे, मोरीच्या बरोबर खाली, आणि मधोमध. निरोगी सागात टोक दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही आणि ठोकलं तर टणक आवाज येतो. टोक सहज बोटाच्या पेरभर शिरलं, लाकूड चौकोनी तुकड्यांत तडकलेलं दिसलं किंवा ठोकल्यावर आवाज भद्द आला, तर कडी कुजली आहे. सगळ्यांत आधी कुजतं ते भिंतीतलं टोक, कारण तिथे ओल भिंतीतून येते आणि वारा लागत नाही.

असं काही दिसलं तर काम तिथेच थांबवा. इमारत पागडीची असेल तर मालकाला लेखी कळवा. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (ज्यांवर दुरुस्तीचा उपकर लागतो अशा) इमारतींपैकी असेल तर म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे अर्ज करा, आणि सांगाडा पाहणाऱ्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय वरची एकही फळी उचलू नका. कुजकी कडी कधी कधी फळ्यांच्याच आधाराने टिकून असते.

खालून बघतानाच आणखी एक गोष्ट वहीत टिपून ठेवा: खालच्या घराच्या विजेच्या वायरी कुठून जातात. जुन्या चाळींत लाकडी पट्टीवरची वायर कडीच्या कडेने किंवा थेट फळीच्या पोटावरून नेलेली असते. पंख्याचा हूकही तिथेच असतो. वरून स्क्रू मारताना किंवा करवत चालवताना हे माहीत असायलाच हवं.

शीट काढणं

गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर खोलीबाहेर हलवा. पूर्ण काम संपेपर्यंत स्वयंपाक दुसरीकडे. खालच्या घरात छताखालच्या सामानावर जुन्या चादरी टाकून द्या, कारण फटींतून पन्नास वर्षांची धूळ खाली पडणार आहे.

शीट कटरने फूटभर रुंदीच्या पट्ट्यांत कापा, पण पातं फळीवर ओरखडा ओढणार नाही इतकंच बाहेर ठेवा. पट्टी सरळ वर न ओढता जमिनीलगत मागे दुमडून ओढली की चिकटलेला थर सोबत निघतो. कडेच्या टेकस आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, जंबुराने काढा. एकही राहिली तर घासायच्या मशीनचा पट्टा तिथे फाटतो. रबरी सोल्यूशनचे उरलेले डाग टर्पेंटाइनने भिजवून, दहा मिनिटांनी पत्रीने, म्हणजे पातळ पोलादी पट्टीने, खरवडून काढा. तारेचा काथ्या वापरू नका. त्याचे बारीक कण फळीच्या शिरांत राहतात आणि ओल लागली की गंजून काळे ठिपके देतात. भांड्यांची हिरवी नायलॉनची घासणी चालते.

दोन गोष्टींपासून सांभाळा. खाली नऊ इंची चौकोनी, कडक आणि ठिसूळ प्लॅस्टिकच्या जुन्या टाइल्स आणि काळा डांबरी गोंद निघाला तर त्यात ॲसबेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नका, तोडू नका. ओलं करून अख्खे तुकडे उचला, किंवा जाणकाराकडून काढून घ्या. दुसरं, फळ्यांवर तेलरंगाचा जुना थर असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, आणि चाळीतला रंग त्याच्या कितीतरी आधीचा असतो. असा रंग पेंट रिमूव्हरने मऊ करून ओलाच खरवडा, लहान मुलांना त्या दिवसांत घरी ठेवू नका, आणि त्याची धूळ कधीही झाडूने झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा.

शीट निघाल्यावर जमीन काळीकुट्ट दिसेल आणि आंबूस वास येईल. घाबरू नका. खिडकी-दार उघडं ठेवून पंखा दहा ते पंधरा दिवस चालू द्या. दोन पिनांचं ओलावा मोजायचं साधं मीटर घ्यावं, या कामात त्याचे पैसे वसूल होतात. खोलीच्या मध्यावर १२-१३ टक्के आकडा आला आणि मोरीजवळचा आकडा त्याच्यापेक्षा तीनहून जास्त टक्क्यांनी वर राहिला नाही, की जमीन कामाला तयार झाली. पंधरा दिवसांनीही मोरीजवळ २० टक्के दिसत असेल तर पाणी अजून येतं आहे.

मोरी

लाकडी जमिनीच्या दुरुस्त्या फसतात त्या बहुतेक इथे. फळ्या घासून, चकचकीत करून झाल्यावर दोन पावसाळ्यांत मोरीलगतची फळी पुन्हा काळी पडते, आणि दोष पॉलिशला दिला जातो.

आधी मोरी गळते का ते बघा. नळीच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा घालून मोरीत इंचभर पाणी साठवा, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीची खूण करा आणि २४ तास ठेवा. पहिले तीन-चार तास दर तासाला खालून बघा. खाली ओल दिसली तर लगेच बोळा काढा. पाणी खुणेच्या बोटभर खाली गेलं पण खालून काही दिसलं नाही, तर पाणी मोरीच्या कट्ट्यात किंवा फळीच्या कडेत मुरतं आहे. सांधे खरवडून वॉटरप्रूफ ग्राउट भरणं, गरज पडल्यास मोरीला नवा जलरोधक थर देणं, हे गवंड्याचं काम आत्ताच करून घ्या. फळ्यांना हात लावण्याआधी.

मग कट्टा आणि फळी यांच्यामधली फट. सिमेंट जागचं हलत नाही, लाकूड वर्षभर फुगतं आणि आक्रसतं. या दोघांच्या मध्ये सिमेंट भरलं तर पहिल्याच उन्हाळ्यात केसाएवढी चीर पडते, आणि पाण्याला तेवढी पुरते. म्हणून जुनं सिमेंट पटाशीने काढून तिथे सलग १० मिलिमीटर रुंदीची खाच मोकळी करा. तिच्यात १२ मिलिमीटर जाडीचा फोमचा गोल दोरा दाबून बसवा, वरून ६ मिलिमीटर खोली उरली पाहिजे. ती खोली पॉलियुरेथेन सीलंटने भरा. सिलिकॉन नको. त्याचा अंश आजूबाजूच्या लाकडावर गेला की तिथे तेल किंवा पॉलिश धरत नाही. ३०० मिलिलिटरची एक नळी या मापाच्या खाचेला बरोबर ५ मीटर पुरते. सीलंट भरायचं ते घासाई झाल्यावर आणि तेल देण्याआधी, कारण तेलकट कडेला ते चिकटत नाही. खाचेच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावून भरा, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एका हाताने सलग ओढा आणि टेप लगेच काढा.

फ्रिजखालचा ट्रे, फिल्टरची नळी, माठाखालची जागा हीही तपासा. अनेक घरांत घडवंचीच्या तीन पायांचे काळे ठसे फळीवर कायमचे उमटलेले असतात. तिथे माठ झिरपत होता, आणि माठ पुन्हा तिथेच ठेवणार असाल तर खाली खोल थाळी ठेवावी लागेल.

फळ्या आवळणं आणि बदलणं

प्रत्येक फळीवर टाच दाबून चाला. जिथे कुरकुर येते तिथे खडूने फुली करा. कुरकुरीचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: जुना खिळा भोकात सैल झालेला असतो आणि फळी त्याच्यावर वरखाली होते. तोच खिळा पुन्हा ठोकून काही होत नाही, भोक मोठं झालेलं असतं. शिवाय हातोड्याच्या दणक्यांनी खालच्या छताचा चुना आणि धूळ पडते. खिळ्याच्या शेजारी, इंचभर अंतरावर, स्टेनलेस स्टीलचा स्क्रू मारा. फळी सव्वा इंचाची असेल तर अडीच इंची ८ नंबरचा स्क्रू घ्या. फळीत ४.५ मिलिमीटरचं आरपार भोक, कडीत ३ मिलिमीटरचं. भोक न पाडता स्क्रू मारला तर जुना साग शिरेवर उभा चिरतो, किंवा स्क्रूचं डोकं तुटून आत राहतं. वर १० मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल खाच ठेवून त्यात सागाची गुट्टी चिकटवा, गुट्टीची शीर फळीच्या शिरेशी जुळवून. जुन्या खिळ्यांची सगळी डोकी सुंब्याने (खिळा आत ठोकायच्या बोथट पोलादी पहारीने) ३ ते ४ मिलिमीटर आत बसवा.

दोन फळ्यांच्या कडा एकमेकींवर घासून आवाज येत असेल तर फटीत संगजिऱ्याची पूड भरून ब्रशने आत ढकला. तेवढ्याने भागतं.

टोच्या पाऊण इंच शिरतो अशी फळी बदलायची. पूर्ण लांबीची काढायची गरज नाही. खिळ्यांच्या रांगेवरून कडी कुठे आहे ते कळतं. कडीच्या मध्यावर काटकोनात रेघ मारा, म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही टोकांना कडीवर निम्मा-निम्मा आधार मिळेल. कापण्याआधी खालच्या घराचा मेन स्विच बंद करून घ्या. मशीनची करवत फळीच्या जाडीपेक्षा दोन मिलिमीटर कमी खोलीवर लावा आणि उरलेलं पटाशीने तोडा, म्हणजे कडीला घाव बसत नाही. एकाच कडीवर शेजारशेजारच्या दोन फळ्यांचे जोड आणू नका. फळ्या नर-मादी जोडाच्या, म्हणजे एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसणाऱ्या, असतील तर नव्या फळीच्या खाचेचा खालचा ओठ रंध्याने काढल्याशिवाय ती वरून बसत नाही.

बदलीची फळी नव्या लाकडाची घेऊ नका. जुन्या इमारती पाडल्यावर निघालेलं सागवान वखारीत मिळतं. ते पुरतं वाळलेलं असतं आणि रंगालाही जुळतं. नवा, अर्धवट वाळलेला साग बसवला तर वर्षभरात दोन्ही बाजूंना फटी पडतात. जुनी फळी रंध्याखाली घालण्याआधी मोडके खिळे लोहचुंबकाने शोधा. सागात वाळूसारखी सिलिका असते, ती तशीही पाती लवकर बोथट करते. फळीचं पोट आणि कापलेली टोकं बसवण्याआधी टाकणखाराच्या पाण्याने, म्हणजे बोरॅक्स ६० ग्रॅम आणि बोरिक ॲसिड ४० ग्रॅम एक लिटर गरम पाण्यात विरघळवून, दोन हात रंगवून वाळवा. किडा आणि कूज दोन्हींना हे मिश्रण रोखतं. मात्र पोटात गेलं तर विषारी आहे, हातमोजे घाला आणि उरलेलं मिश्रण स्वयंपाकाच्या भांड्यात ठेवू नका. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलला बोलवा. कड्यांच्या टोकांपासून भिंतीपर्यंतचा उपाय घरी होत नाही.

फटी

पावसाळा आणि उन्हाळा यांच्यामध्ये आठ इंच रुंदीची सागाची फळी साधारण दोन मिलिमीटरने लहान-मोठी होते. हा आकडा लक्षात ठेवला की फटींबाबतच्या सगळ्या चुका टळतात. भुसा आणि फेविकॉलचं कडक लुकण फटीत ठासून भरलं, तर जूनमध्ये फळी फुगते आणि लुकणाला जागा नसल्याने एक तर ते ढेकळासारखं वर येतं, नाही तर फळी मध्यावर बशीसारखी वाकते. तेच लुकण खिळ्याच्या भोकाला उत्तम, कारण तिथे हालचाल नाही.

दोन ते चार मिलिमीटरच्या फटीत दोरा घाला. होडीच्या फळ्यांमध्ये कापूस आणि राळ भरतात, तेच तत्त्व. सुती दोरा फटीपेक्षा थोडा जाड घ्या, वितळलेल्या मेणात बुडवून गार होऊ द्या आणि बोथट पटाशीने दाबत न्या, वरच्या पातळीच्या दोन मिलिमीटर खाली राहील इतका. फळी फुगली की तो दबतो, आक्रसली की पुन्हा फुलतो, आणि सांडलेलं पाणी खालच्या घरात टपकत नाही. मेणाचा अंश फळीच्या माथ्यावर लागला तर पॉलिश धरत नाही, म्हणून दोरा शेवटची घासाई झाल्यावर आणि तेलाचा पहिला हात मुरल्यावर भरा.

चार ते दहा मिलिमीटरच्या फटीला सागाची पट्टी. रंध्याने तिला खाली निमुळती करा, एकाच कडेला पाण्याला टिकणारा गोंद लावा, लाकडी हातोडीने हलकेच बसवा आणि वर मिलिमीटरभर उरू द्या. गोंद वाळल्यावर ते रंध्याने सपाट करा. दोन्ही कडांना गोंद लावलात तर दोन फळ्यांची एक फळी झाली, आणि पुढची फट दुप्पट रुंद होते.

घासण्याआधी आणि घासताना

चुलीजवळच्या फळ्यांत वर्षांचं तेल मुरलेलं असतं. तसंच घासायला घेतलं तर पॉलिशपेपर मिनिटभरात भरून जातो. धुण्याचा सोडा दोन मोठे चमचे, लिटरभर कोमट पाण्यात. काथ्याच्या ब्रशने शिरेच्या दिशेने घासा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपा. बादली ओतायची नाही. दोन दिवस वाळू द्या.

जमिनी घासायचं मोठं ड्रमचं मशीन दहा फुटांच्या खोलीत वळत नाही आणि अननुभवी हातात खड्डे पाडतं. १०० बाय ६१० मिलिमीटर पट्ट्याचा हातातला बेल्ट सँडर आणि पाच इंची गोल ऑर्बिटल सँडर, हे दोन्ही भाड्याने मिळतात. विकत घ्यायचे तर नागदेवी स्ट्रीटला. हजार वॅटचं मशीन साडेचार अँपिअर खेचतं, म्हणून ते फ्रिजच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर लावा, जुन्या ५ अँपिअरच्या खटक्यावर नको. पट्टे ४० नंबरचे सात-आठ, ६० आणि ८० नंबरचे चार-चार, आणि ऑर्बिटलसाठी १२० नंबरच्या दहा-बारा चकत्या एवढ्या खोलीला पुरतात.

४० नंबर फक्त तिथे, जिथे फळ्या बशीसारख्या वाकल्या आहेत. अशा जागी पहिला हात शिरेला तिरका, साधारण ३० ते ४५ अंशांत, म्हणजे उंच कडा आधी कापल्या जातात. त्यानंतर मात्र सगळे हात शिरेच्याच दिशेने. मशीन चालू करून, पुढे सरकत असतानाच जमिनीला टेकवा आणि सरकत असतानाच उचला. एका जागी दोन सेकंद थांबलात तरी वाटीसारखा खोलगट भाग पडतो, आणि तो आत्ता दिसत नाही, तेल दिल्यावर संध्याकाळच्या तिरप्या उजेडात दिसतो. मधला नंबर गाळू नका. ४० च्या ओरखड्यांवरून थेट १२० फिरवला तर ते ओरखडे निघत नाहीत, नुसते गुळगुळीत होतात. कोपऱ्यांत आणि भिंतीलगत मशीन पोचत नाही. तिथे पत्री किंवा सुतार वापरतात तसा काचेचा धारदार तुकडा, जाड हातमोजा घालून.

एका पूर्ण घासाईत साधारण मिलिमीटरभर लाकूड जातं. म्हणून सगळे डाग जाईपर्यंत घासत बसू नका. खिळ्यांभोवतीचे निळसर काळे वेढे हे लोखंड आणि ओल यांचे डाग, ते घासून जातच नाहीत. त्यांना ऑक्झॅलिक ॲसिड: लिटरभर गरम पाण्यात ८० ते १०० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या भांड्यात, फक्त डागावर न लावता पूर्ण फळीवर, नाही तर डागाच्या जागी फिका ठिपका राहतो. तासाभराने साध्या पाण्याने दोनदा पुसा, मग लिटरला चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने, मग पुन्हा साध्या पाण्याने. हे विषारी आहे. वाळल्यावर पांढरी पूड दिसली तर ती घासून उडवू नका, आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. शेगडीच्या निखाऱ्यांनी पडलेले जळके वेढे सैल कोळसा खरवडून तसेच ठेवावेत. खोल गेलेला चटका काढायला आजूबाजूचा तीन मिलिमीटर माथा उतरवावा लागतो, आणि ते लाकूड परत येत नाही.

सागाच्या धुळीने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. एन-९५ मुखपट्टी आणि चष्मा पूर्ण वेळ घाला, रुमाल बांधून चालत नाही. सँडरची पिशवी दर अर्ध्या तासाने रिकामी करा. खालच्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ सोडून, सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी चार ते सहा, असं काम केलं तर दोन दिवसांत घासाई आटोपते आणि शेजारही सांभाळला जातो.

तेल की पीयू

सुतार मेलामाइन पॉलिश सुचवील, कारण दरवाजांवर ते छान दिसतं. जमिनीवर घेऊ नका, कडक थर फळी हलली की जोडांवर चिरतो. लाखेच्या पॉलिशवर पाण्याचा थेंब किंवा गरम पातेलं पांढरा डाग पाडतं. उरले दोन पर्याय.

दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश), जमिनीसाठीचंच, पाण्याला आणि हळदीला सर्वांत चांगलं टिकतं. १०० चौरस फुटांना तीन हातांचं मिळून सुमारे ३ लिटर लागतं. दोन हातांमध्ये २२० नंबरचा पेपर हलका फिरवायचा. अडचण अशी की ते फटींत उतरून शेजारच्या फळ्यांना एकमेकींशी चिकटवतं. मग कोरड्या दिवसांत सगळ्या जोडांची हालचाल तीन-चार फळ्या सोडून एकाच फटीत गोळा होते आणि ती फट मोठी उघडते. शिवाय एका जागी खरवडलं तर तेवढाच तुकडा दुरुस्त करता येत नाही. नर-मादी जोडाच्या, घट्ट बसलेल्या फळ्यांवर पीयू द्यावं.

साध्या कडेच्या, फटी असलेल्या चाळीतल्या फळ्यांना आमचं मत तेलाच्या बाजूने आहे. उकळलेलं जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात ज्याला बेल तेल म्हणतात ते, दोन ते अडीच लिटर आणि टर्पेंटाइन एक लिटर. साग मुळातच तेलकट, म्हणून आधी थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने माथा पुसून घ्या आणि तासाभरात पहिला हात द्या. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन समसमान, दुसरा दोनास एक, तिसरा नुसत्या तेलाचा. प्रत्येक हात पसरून २० ते ३० मिनिटांनी वर उरलेलं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. ही पायरी टाळली तर चिकट साय धरते, पावलं चिकटतात, धूळ बसते, आणि तिला खरवडण्याशिवाय उपाय नाही. दोन हातांत किमान ४८ तास. बोटाला जराही ओशट लागलं तर आणखी एक दिवस थांबा. तिसऱ्यानंतर आठवडाभराने टर्पेंटाइनमध्ये मऊ केलेलं मधमाश्यांचं मेण पातळ चोळून पुसा.

जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून ठेवलं तर वाळताना स्वतःच तापतं आणि कोणीही काडी न लावता पेटतं. लाकडी चाळीत याची किंमत सगळ्या इमारतीला मोजावी लागेल. फडकी गॅलरीत दोरीवर एकेक पसरून पूर्ण कडक वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवून मग टाका. टर्पेंटाइन, थिनर किंवा पीयूचा वास खोलीत असेपर्यंत शेगडी, देवघरातली निरांजन, उदबत्ती काहीही पेटवू नका.

तेल दिलेल्या जमिनीवर पायमोज्यांनी तीन दिवसांनी चालता येतं, जड सामान दहा दिवसांनी ठेवा आणि चटई-पायपुसणं महिनाभर टाकू नका. फ्रिजच्या पायांखाली रबर नको, रबराचा काळा डाग मुरतो. सागाच्या चौकोनी चकत्या ठेवा. रोजचं पुसणं घट्ट पिळलेल्या फडक्याने, फिनेल किंवा सोड्याशिवाय. मोरीसमोरची दोन-तीन फुटांची पट्टी सगळ्यांत आधी फिकी पडेल. पाण्याचा थेंब तिथे मोती होऊन न राहता पसरायला लागला की १२० नंबरने हाताने घासून, तेवढ्याच पट्टीला तेलाचा एक हात द्या. पहिल्या पावसाळ्यात जुलैमध्ये मोरीच्या सीलंटवर बोट फिरवून बघा आणि मीटर पुन्हा लावा. सगळ्या जमिनीचा आकडा पावसात वाढलेला असेल, फरक फक्त मोरी आणि मध्य यांच्यातला पाहायचा.